आप्पांची पट्टी

हे प्रकरण या पुस्तकात चौथं यायला हवं होतं. मी ते सोडून पुढं गेलो. कारखान्यातली वर्षं लिहिली, लग्न लिहिलं, मुलांची शिक्षणं लिहिली, निवृत्तीनंतर माझ्याकडची जुनी हत्यारं बघायला येणाऱ्या माणसांबद्दलही लिहून झालं, आणि चौथ्या प्रकरणाची पानं कोरीच राहिली. घरात कुणी विचारलं की 'नीट आठवत नाही' असं सांगायचो. ते खरं नव्हतं. सगळं आठवतं, त्या दुपारी बोटांना लागलेला एमरीचा काळा चिखलसुद्धा. आमच्या शाळेच्या स्मरणिकेत मी आप्पांवर एक लेख लिहिला होता. त्यात असं वाक्य आहे : 'वयोमानामुळे नजर मंदावल्याने त्यांनी काम थांबवले.' लेख पुष्कळांना आवडला, दोघातिघांनी पत्रंही पाठवली. त्यातलं ते वाक्य खोटं आहे. ते खोडायला माझ्याजवळ आता फार दिवस नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं दिंद्रुडच्या बाजारात दुकान होतं, पुढच्या बाजूला किराणा आणि मागं खिळे, साखळ्या, कुलपं, विहिरीचे गडगडे. आमच्या घराण्यात तागडी सोडून दुसऱ्या लोखंडाला कुणी हात लावला नव्हता. आप्पांनी लावला. ते तरुणपणीच रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, तिथंच संसार मांडला, आणि चुलती वारल्यावर मूलबाळ नाही, करायचं कुणासाठी, म्हणून नोकरी सोडून एका ट्रंकेसह घरी आले. अण्णांनी त्यांना दुकानामागची पत्र्याची शेड दिली. सकाळी दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून लिंगपूजा करायचे, कपाळाला विभूती लावायचे, दूध घ्यायचे आणि एकही शब्द न बोलता एक पुढच्या दाराने दुकानात आणि एक मागच्या दाराने शेडमध्ये जायचा. मग थोड्या वेळाने कानशीचा आवाज सुरू व्हायचा. पुढं जाताना लांब, मागं येताना काहीच नाही, कारण आप्पा कानस मागं ओढताना उचलून घ्यायचे. आई त्या आवाजावर भाकरी थापायची. आप्पा तिचे थोरले दीर, त्यामुळे ती त्यांच्याशी सरळ बोलत नसे. समोर ते बसलेले असले तरी डोक्यावरचा पदर पुढं ओढून मला म्हणायची, "शिवा, आप्पांना म्हणावं, येसराची आमटी गरम हाय तवर दोन घास खाऊन घ्या." आणि आप्पाही भिंतीकडं बघत मलाच सांगायचे, "तिला म्हणावं आलोच, हातचं काम लई नाजूक हाय." मी नुसता दोघांच्या मध्ये उभा असायचो. निरोप पोचवायची गरजच नसायची.

शेडमध्ये पोटापुरतं काम यायचं, पंपाचे, इंजिनांचे, पिठाच्या गिरणीचे सुटे भाग. पण आप्पांचा खरा जीव जुन्या हत्यारांत होता. सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून ते माजलगावपर्यंत भंगारवाल्यांकडं जायचे. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग प्रेस, मोडीत निघालेली वर्कशॉपं, कुठल्या तरी मेलेल्या मिस्त्रीची पेटी, असं सगळं तिथं किलोवर येऊन पडायचं. लोकांना तो गंजाचा ढीग दिसायचा. आप्पा उकिडवे बसून तो एकेक करून बाजूला सारत आणि मधूनच एखादी वस्तू उचलून धोतराच्या सोग्याला पुसत. कंपास, आतलं माप घ्यायचे कॅलिपर, दाते गेलेली आटे पाडायची डाय, एकदा तर बिघडलेला मायक्रोमीटर. घरी आणून ती आठ-आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे. त्यासाठी आईची लोणच्याची बरणी गेली. गंज सोडवायला चिंचेचं पाणी लागायचं, म्हणून घरातली चिंच संपायची आणि आई मला म्हणायची, "आप्पांना विचार, आमटीत आता गंज टाकू का?" आप्पा खाली मान घालून हसायचे. पितळेला राख, मुठीला जवसाचं तेल, आटे अडकले असतील तर धीर. 'धीर' हेही ते सामानाच्या यादीत धरायचे. जुन्या कारागिरांनी आपल्या हत्यारावर नावाची अक्षरं ठोकलेली असत. ती मी एकदा घासायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. त्याचं हत्यार हाय ते. आपण फक्त सांभाळायलो."

माझं मॅट्रिक झालं तेव्हा अण्णांना मी गल्ल्यावर बसायला हवा होतो. मी शेडमध्ये जायला लागलो. यावरून घरात रोज कुरबूर व्हायची. "एक वाया गेला, आता दुसरा चालला," अण्णा जेवताना म्हणायचे, आप्पा समोर असतानाच. आप्पा भाकरी चुरत राहायचे. पण माझा हात बरा बसत गेला, आणि एक दिवस त्यांनी अण्णांना सांगितलं, "शिवाचा हात माझ्यापेक्षा हलका हाय. हत्यारं त्याच्याकडं जातील." माझ्या आयुष्यात त्यानंतर मला बक्षिसं मिळाली, प्रमोशनं मिळाली, पण त्या वाक्याइतकं काही अंगी लागलं नाही. पुढं जे घडलं त्याचं मूळही तिथंच आहे.

त्या सगळ्या हत्यारांत आप्पांना सर्वांत जवळची होती एक पोलादी पट्टी, सव्वा फूट लांब, एका बाजूने सुरीसारखी निमुळती. तिला स्ट्रेट एज म्हणतात, आम्ही नुसतं पट्टी म्हणायचो. तिच्यावर आकडे नव्हते, रेघा नव्हत्या. तिचा एकच गुण, तिची धार अगदी सरळ होती. एखादा लोखंडी पृष्ठभाग सपाट आहे की नाही ते बघायचं असेल तर पट्टीची धार त्यावर उभी ठेवायची आणि पलीकडून उजेड येतो का ते बघायचं. जिथून उजेड येईल तिथं खोलगट, जिथं येणार नाही तिथं उंच. उंच जागा खरवडत जायचं, जोवर उजेड पूर्ण बंद होत नाही तोवर. मोठ्या वर्कशॉपात यासाठी जाड सपाट पाटा असतो. तसला अवजड माल आमच्या भंगारवाल्याकडं कुठून येणार? आमच्या शेडमध्ये खरंखोटं ठरवणारी ती एकटी पट्टी होती. एका जिनिंग प्रेसच्या भंगारात ती तेलकट फडक्यात गुंडाळलेली मिळाली होती. तिच्या धारेलगत तुरीच्या दाण्याएवढा एक गंजाचा डाग होता. आप्पा म्हणायचे, "त्याला मी निवांत बघीन. घाई न्हाई." दोन वर्षं ते निवांत बघत होते.

खंडेनवमीला शेडमधली सगळी हत्यारं ओसरीवर मांडून त्यांची पूजा व्हायची. पाटावर पांढरं धोतर अंथरायचं, त्यावर आकाराप्रमाणे हत्यारं, झेंडूची फुलं, विभूती, आणि आईच्या हातच्या पुरणाचा नैवेद्य. गावातले लोक मुद्दाम बघायला यायचे. आदल्या दिवसापासून स्वच्छता चालायची, आणि त्यात आप्पांचा एक कडक नियम होता. जे कापतं, ठोकतं, धरतं त्याला उजाळा द्यायचा. जे मोजतं त्याला नाही. मापाच्या हत्याराला फक्त तेलाचं फडकं. "मापाला चमक नको, इमान पायजे," असं ते सांगायचे. हा नियम मला तोंडपाठ होता. मला माहीत नव्हतं असं मी इथं लिहिलं तर हे प्रकरण लिहिण्यात काही अर्थ उरणार नाही.

त्या वर्षी सणाच्या गिऱ्हाइकीमुळे अण्णांनी आप्पांना दुपारी दुकानात बोलावून घेतलं. शेडमध्ये मी एकटा. हातोडे, पकडी, कानशी, ड्रिल, सगळं लखलखत होतं. पट्टी तेवढी त्या डागासह राखाडी दिसत होती. मला वाटलं, उद्या हिला सगळ्यांत मधे ठेवू, आप्पांना चकित करू. खिडकीची काच काढून बाकावर ठेवली, तिच्यावर एमरीचा, लोखंड घासायचा कागद पसरला, आणि पट्टीची धार खाली धरून पुढंमागं घासत राहिलो. डाग खोल होता. आधी बारीक कागद, मग जाड, मग पुन्हा बारीक. तास-दीड तास गेला असेल. हाताने असं घासताना प्रत्येक फेरीत टोकं किंचित खाली झुकतात आणि मधल्या भागापेक्षा जास्त झिजतात. डोळ्यांना ते कधीच दिसत नाही. मला फक्त डाग गेलेला दिसला आणि धारेत स्वतःचं बोट दिसलं.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसताना आप्पांनी पट्टी उचलली. "डाग गेला की रं!"

"चिंचेच्या पाण्यानं गेला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. ते अण्णांकडं वळले. "बघितलं का? मला दोन वर्षं जमलं न्हाई ते पोरानं चिंचेवर केलं." अण्णाही त्या दिवशी माझ्याकडं बघून हसले. मी पुरणाच्या तीन पोळ्या खाल्ल्या.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली. गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, त्यांच्या गुऱ्हाळातल्या इंजिनाचं हेड तापून वाकलं होतं. हेड म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी झाकण. ते सपाट नसेल तर इंजिन पाणी पितं आणि बंद पडतं. तात्यांनी ते बैलगाडीतून आप्पांकडं पाठवलं. आप्पांनी चार दिवस ते हाताने खरवडलं. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून हेडवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "झालं." मग पट्टी ठेवली. दोन्ही टोकांकडून उजेड. त्यांनी पुन्हा तळवा फिरवला, पुन्हा पट्टी ठेवली, आणि पुटपुटले, "हात म्हणतो झालं, पट्टी म्हणते न्हाई." मग पट्टीचं ऐकून त्यांनी मधला भाग आणखी खरवडला. हेड गुऱ्हाळात गेलं. तिसऱ्या दिवशी परत आलं. इंजिनानं पाणी घेतलं होतं, कढईतला रस आंबून गेला होता.

मला पट्टीचाच संशय आला. अण्णा जेवायला गेले तेव्हा मी पट्टी घेऊन दुकानात गेलो. शोकेसची जाड काच आमच्याकडं सगळ्यांत सपाट. काचेवर पट्टी उभी धरली आणि खाली तीन ठिकाणी पतंगाच्या कागदाच्या चिंध्या घातल्या. मधली चिंधी ओढली, फाटली. टोकांच्या दोन्ही अलगद निघून आल्या. तीनदा करून बघितलं. पट्टी फक्त मधे टेकत होती, टोकं झिजून उचलली होती. दुकानात गुळाचा वास होता, बाहेर कुणीतरी साखळीचा भाव विचारत होतं, आणि मी गिऱ्हाइकाला 'अण्णा जेवायला गेलेत' असं सांगितलं, माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला. याचं मला आजही नवल वाटतं.

आप्पांनी हेड पुन्हा घेतलं होतं. संध्याकाळच्या आत त्यांनी ते सरळ केलं, हातावर विसंबून. आणि पट्टी ठेवली. मी शेजारी उभा.

"शिवा, तू बघ. तुझे डोळे तरणे हायत. काय दिसतंय?"

मी वाकलो. "टोकांकडनं उजेड दिसतोय, आप्पा."

त्यांनी पट्टी उचलून उलटसुलट करून बघितली. "ही कुठं पडली-बिडली न्हाई ना?"

"न्हाई आप्पा. कुठंच पडली न्हाई."

हे खरं होतं. पट्टी पडली नव्हती. खऱ्या शब्दांनी केलेलं इतकं खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही. का नाही सांगितलं, याची कारणं मी पन्नासहून जास्त वर्षं जुळवतोय. अण्णा म्हणाले असते, बघा, मी सांगत होतो. मला दुकानात बसवलं असतं. पण खरं कारण याहून लहान आहे. 'हात माझ्यापेक्षा हलका हाय' हे वाक्य आप्पांनी परत घेतलेलं मला ऐकायचं नव्हतं. आप्पांनी खरवडायचा स्क्रॅपर उचलला आणि सरळ झालेलं हेड माझ्यादेखत पुन्हा मधून खरवडायला घेतलं. तो आवाज कानशीसारखा नसतो. वाळलेल्या भाकरीवर नख ओढावं तसा असतो.

इंजिन पुन्हा बंद पडलं. या वेळी तात्या स्वतः आले, दुकानात, बाजाराच्या दिवशी, सगळी गिऱ्हाइकं उभी असताना. आप्पा मागच्या दारात हात पुसत उभे राहिले.

"आप्पा, रेल्वेनं तुम्हाला कावून सोडलं ते आता कळलं बघा."

कुणीतरी हसलं. अण्णा म्हणाले, "तात्या, मोठे हायत ते, जरा शब्द—"

"मोठे हायत म्हणूनच म्हणतो. डोळे तपासून घ्या, अन् पूजा करत बसा. दोन खेपा माझा रस नासला. अंबाजोगाईला मशीनवर टाकलं हेड, गेलतो मी सोबत. एका तासात सपाट करून दिलं त्यानं. तो म्हणला, कोणत्या आंधळ्यानं खरवडलंय हे?"

आप्पांनी मान डोलावली. ते रागावले असते तर मी कदाचित बोललो असतो. त्यांनी फक्त, "बरोबर हाय तात्या, नजर गेली माझी," असं म्हटलं आणि आत निघून गेले. त्या दिवशी आईनं पहिल्यांदा माझ्यामार्फत न बोलता, पदर तसाच ओढून, थेट त्यांना म्हटलं, "जेवून घ्या." तेही थेट म्हणाले, "भूक न्हाई, बाई."

त्यांनी पुन्हा स्क्रॅपर हातात घेतला नाही. आठवड्याभराने हत्यारं तेल लावून ट्रंकेत भरली आणि ट्रंक माझ्यासमोर सरकवली. पट्टी सगळ्यांत वर होती, नव्या फडक्यात. "माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई. तू सांभाळ." त्यानंतर अकरा वर्षं ते अण्णांच्या दुकानात स्टुलावर बसून खिळे तोलत होते. गिऱ्हाइकाला खिळे देताना ते तळहातावर घेऊन बोटांनी चाचपायचे, मग स्वतःच्याच हाताकडं बघायचे आणि पुडी बांधायचे. मी मात्र त्याच ट्रंकेतली हत्यारं घेऊन शहरात कारखान्यात लागलो. पहिल्याच वर्षी तिथल्या पाट्यावर पट्टी ठेवून पाहिली. शंका नव्हतीच, तरी पाहिली. आज लोक माझ्याकडं ती हत्यारं बघायला येतात, फोटो काढतात, 'काका, केवढा जपून ठेवलाय हा वारसा' म्हणतात. नातू कौतुकाने एकेक उचलून दाखवतो. मी चहा सांगायला आत जातो.

आप्पा आजारी पडले तेव्हा त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. अण्णांचं पत्र आलं आणि मी पहिल्या एसटीने निघालो. पाच तासांच्या प्रवासात काय बोलायचं ते मी शब्दन् शब्द जुळवलं, कितीतरी वेळा मनात म्हटलं. शेजारचा माणूस दोनदा माझ्याकडं वळून बघत होता, म्हणजे ओठ हलत असावेत. वॉर्डात आप्पा उशाला टेकून बसले होते, खूप लहान झाले होते.

"कावून आलास बे? कारखाना बंद पडला का?"

"तुमाला बघायला आलो."

"बघ मग. डागडुजी होण्यासारखं काय उरलं न्हाई." ते हसले आणि खोकले. आई डब्यातून आणलेली पातळ कढी त्यांना चमच्याने देत होती. एवढ्या वर्षांत ती आता त्यांच्याशी सरळ बोलायला लागली होती. ती डबा धुवायला गेली. आम्ही दोघेच राहिलो. मी खुर्ची पुढं ओढली.

"आप्पा, एक सांगायचं होतं. त्या तात्यांच्या हेडचं—"

"ते?" त्यांनी माझा हात धरला. "त्याचं मला आता काय वाटत न्हाई, शिवा. त्या वेळी लई लागलं होतं. पण बघ, मी येळेवर थांबलो. न्हाईतर नजर गेलेली मला कळलीच नसती, अन् कुणाचं तरी इंजन फुटलं असतं, माणूस मेला असता. पट्टीनं वाचवलं मला. हात फसवतो, पट्टी न्हाई फसवत." मग म्हणाले, "तुझ्याकडं हाय ना ती? नीट?"

मी म्हणालो, "हाय."

नर्स आली, तिने मला उठायला सांगितलं. आई आली. मग अण्णा आले, डॉक्टरांचं, घरचं, एसटीच्या वेळेचं बोलणं झालं. मी निघताना आप्पांच्या पायांना हात लावला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणालो. शुक्रवारी ते गेले.

त्यांचं समाधान मोडायला नको म्हणून मी गप्प बसलो, असं मी बायकोला सांगितलं होतं. तिने ते मान्य केलं. ते अर्धंच खरं आहे. माझ्याकडं नऊ-दहा मिनिटं होती, आणि त्यांनी माझा हात सोडलेला नव्हता. एसटीत जुळवलेले शब्द अजून पाठ आहेत, ते लिहून ठेवतो. आप्पा, तुमची नजर गेली नव्हती, हातही चुकला नव्हता. चिंचेचं पाणी खोटं होतं. पट्टी मी एमरीवर घासली, ती वाकडी झाली हे मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही. मला माफ करा.